गरम पाणी बाईंचं रजिस्टर

सिस्टरांची नोकरी माझ्या सुंदर अक्षरामुळे गेली. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे, तेही निवृत्त झाल्यावर. माझ्या धाडसाचा अंदाज तुम्हाला एवढ्यावरून यावा.

कॉलेजात मी हजेरीचा कारकून होतो. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच माझी खिडकी. सिस्टर तळमजल्यावर, ग्रंथालयाच्या पाठीमागे असलेल्या सिकरूममध्ये. दोन खाटा, एक कपाट, एक बेसिन आणि खिळे ठोकून कायमची बंद केलेली एक खिडकी, एवढा त्यांचा संसार. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्या सुताराच्या मागे हात धुऊन लागल्या आणि ते खिळे काढून घेतले. सुतार मला म्हणाला होता, "बाई आहे का भुंगा आहे हो? कानाशी नुसतं भुणभुण, भुणभुण."

मुलं त्यांना 'गरम पाणी' म्हणायची. डोकं दुखलं, गरम पाणी. घसा धरला, गरम पाणी. एका मुलाने मुद्दाम जाऊन सांगितलं की सिस्टर, माझा प्रेमभंग झालाय. त्यावर त्या म्हणाल्या, "रडून रडून अंगातलं पाणी कमी झालं असेल. गरम पाणी पी आणि झोप." बाई बुटक्या, काटक, नखं मुळापर्यंत कापलेली, आणि साबणाने धुऊन धुऊन हातांना भेगा पडलेल्या. आवाज मात्र अंगापेक्षा तिप्पट मोठा. व्हरांड्याच्या त्या टोकाला कुणी शिंकलं की या टोकाहून ओरडायच्या, "कोपरात! कोपरात शिंक! तळहात कशाला भरतोयस? त्याच हाताने आता मित्राला टाळी देशील!"

त्यांचं सगळं वैद्यकशास्त्र एका श्वासात संपायचं. स्वतःचा पेला, स्वतःचा टॉवेल, खिडकी उघडी, भरपूर झोप, हात साबणाने धुणं, आणि ताप उतरल्यावरही एक अख्खा दिवस खोलीतच. या शेवटच्या अटीवर मुलं हमखास हुज्जत घालायची. "सिस्टर, मला आता बरं वाटतंय." "तुला बरं वाटतंय रे, पण शेजारच्याला अजून व्हायचाय ना."

पाण्याच्या टाकीला एक स्टीलचा पेला साखळीने बांधलेला असायचा. नऊशे मुलं त्याच पेल्याने प्यायची. पेला चोरीला जाऊ नये म्हणून साखळी. त्या पेल्याला तोंड लावून काय काय चोरीला जातं, हा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. सिस्टरांनी तीन अर्ज दिले. तिन्ही मी व्यवस्थित फाइलला लावले. चौथ्या वेळी त्यांनी इलेक्ट्रिशियनकडून पक्कड आणली, साखळी तोडली आणि पेला नेऊन प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. "सर, यात पाणी भरून आणलंय. आधी आपण प्या, मग मी स्वतः परत बांधते."

प्राचार्य प्यायले नाहीत. महाविद्यालयाच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल त्यांनी सिस्टरांना मेमो मात्र दिला. तो लिहिला मी. सिस्टरांनी माझ्या खिडकीशी उभं राहूनच तो वाचला, आणि म्हणाल्या, "अक्षर काय देखणं आहे हो भाऊसाहेब तुमचं." मग तो मेमो त्यांनी सिकरूमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पेला पुन्हा टाकीला लागला नाही. बाई जिंकल्या, आणि जिंकलेली बाई कुणाच्याही डोळ्यांत सलते तशी त्या दिवसापासून प्राचार्यांच्या डोळ्यांत सलायला लागल्या.

आता आमच्याकडचा नियम सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नसे. आजारी पडलं तर सूट होती. पण त्यासाठी आजारी माणसाने सिस्टरांची चिठ्ठी घेऊन स्वतः दोन मजले चढून माझ्या खिडकीशी यायचं आणि मी ती मंजूर करायची. स्वतःच का? तर खोटी चिठ्ठी कुणी मित्राच्या हाती पाठवू नये म्हणून. अंगात ताप घेऊन मुलं कठड्याला धरून वर यायची, रांगेत उभी राहायची, एकमेकांच्या मानेवर खोकायची. रांगेत फीची पावती न्यायला आलेली धडधाकट मुलंही असायची. ती चार दिवसांनी चिठ्ठी घेऊन यायची. मला या गोष्टीचं कधी काही वाटलं नाही. माझ्या खिडकीला काच होती.

सिस्टरांनी यावरही अर्ज केला. उत्तर आलं नाही तेव्हा त्यांनी स्वतःच पद्धत बदलली. सिकरूमचं रजिस्टर घेऊन रोज दुपारी त्याच वर यायला लागल्या. प्रत्येक आजाऱ्याची एक ओळ. नाव, ताप किती, काय सांगितलं, किती दिवस खोलीत राहायचं, आणि पुढे त्यांची सही. शेवटच्या रकान्यात मी लाल शाईने 'मंजूर' किंवा 'नामंजूर' लिहायचं. दोन मजले चढून आल्या की त्या धापा टाकायच्या. मी म्हणायचो, "कशाला दगदग करता सिस्टर? मुलं तरणीताठी आहेत." त्या म्हणायच्या, "मला ताप नाहीये भाऊसाहेब. त्यांना आहे."

त्या वर्षी थंडीत फ्लूची साथ आली. पहिल्या आठवड्यात रजिस्टरमध्ये अकरा नावं होती, दुसऱ्या आठवड्यात बत्तीस. सिस्टर वसतिगृहाच्या खोल्या पालथ्या घालायला लागल्या. आजारी मुलीची खोली वेगळी करायची, तिच्या सोबतिणीचं अंथरूण दुसरीकडे हलवायचं, जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायला लावायचं. वसतिगृहाच्या रेक्टरबाई वैतागून म्हणाल्या, "ही बाई वसतिगृहाचं इस्पितळ करणार." सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या खोलीचं दार वाजवलं.

नेमकी त्याच महिन्यात तपासणी समिती यायची होती. तीन दिवस बाहेरची माणसं येणार, वर्गात बसणार, कागद बघणार आणि कॉलेजला श्रेणी देणार. भिंतींना रंग लागला, वर्गांना नवे जाड पडदे लागले. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"भाऊसाहेब, वर्ग भरलेले दिसले पाहिजेत. तीन दिवस रजा बंद. कुणी आजारी असेल तर म्हणावं, तपासणीनंतर."

"लेखी आदेश काढू का सर?"

"लेखी कशाला? तुम्ही समजूतदार आहात."

समजूतदार हा शब्द माझ्या आयुष्यात फार वेळा कामी आला. माझ्या नाही, दुसऱ्यांच्या.

दुपारी सिस्टर रजिस्टर घेऊन आल्या. सात नावं होती. सगळ्यांच्या पुढे मी लाल शाईने लिहिलं, 'तपासणीनंतर'.

सिस्टरांनी ते वाचलं. "म्हणजे काय?"

"म्हणजे तीन दिवसांनी मंजूर करू."

"ताप तीन दिवसांनी येणार आहे का? ही तिसरी ओळ वाचा. शेवटच्या वर्षाची मुलगी आहे, दम्याची. लहानपणापासून फवारा घेते. हिला वर्गात बसवलंत तर मी सांगून ठेवते, निभावणार नाही."

"सिस्टर, माझ्या हातात काही नाही."

"पेन कुणाच्या हातात आहे?"

मी पेनाला टोपण लावलं. त्या तडक प्राचार्यांकडे गेल्या. पाच मिनिटांत बाहेर आल्या. चेहरा लाल झाला होता. माझ्याकडे न बघता जिना उतरून गेल्या. रजिस्टर माझ्या टेबलावरच राहिलं.

ते न्यायला त्या दुसऱ्या दिवशी सकाळी यायच्या आधी प्राचार्यांनी मला पुन्हा आत घेतलं. समिती सिकरूमचे कागदही बघणार होती. दोन आठवड्यांत पन्नास ताप, म्हणजे कॉलेज आहे की काय आहे? "नवं रजिस्टर करा. आठ-दहा नावं पुरेत. पाय मुरगळला, डोकं दुखलं, असं काहीतरी. तुमचं अक्षर स्वच्छ आहे." मी केलं. अख्खी सकाळ बसून, रकाने आखून, अगदी मन लावून केलं. प्रत्येक ओळीपुढे सिस्टरांची सही म्हणून दोन अक्षरं असायची. तीही काढली. हुबेहूब आली तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, थोडं कौतुकच वाटलं. सिस्टरांना निरोप पाठवला की रजिस्टर समितीसाठी वर ठेवलंय, तीन दिवस वहीत लिहा. जुनं रजिस्टर जाळून टाका असं प्राचार्य म्हणाले होते. मी ते घरी नेलं आणि कपाटात, गरम कपड्यांखाली ठेवलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ती दम्याची मुलगी वर्गात आली. तिची हजेरी चौऱ्याहत्तर टक्क्यांवर अडकली होती. सिस्टरांनी सकाळी तिच्या खोलीत जाऊन बजावलं होतं की बाहेर पडू नकोस, हजेरीचं मी बघते. पण माझ्या खिडकीशी चौकशी करायला तिने मैत्रिणीला पाठवलं, आणि मी मैत्रिणीला सांगितलं की सूट मिळालेली नाही. मग ती बिचारी काय करणार? शिंपीकाम करणाऱ्या बापाची मुलगी. वर्ष वाया घालवायची चैन तिला परवडणारी नव्हती. नव्या पडद्यांआड खिडक्या बंद, साठ मुलं खांद्याला खांदा लावून बसलेली, त्यातली निम्मी खोकत होती. समितीचे एक सदस्य कौतुकाने म्हणाले, "मुलांना शिकायची केवढी आस आहे!" तिसऱ्या दिवशी दुपारी ती बाकावरून खाली कोसळली. ओठ निळे पडले होते. सिस्टर तळमजल्यावरून धावत आल्या, तिला तोंडाने श्वास देत गाडीपर्यंत घेऊन गेल्या. मी जिन्यात बाजूला झालो, वाट दिली. तेवढीच माझी मदत.

मुलगी वाचली. चोवीस दिवस नळ्या लावून, पण वाचली. कॉलेजला वरची श्रेणी मिळाली.

शिंप्याने तक्रार केली. त्याचा प्रश्न एकच होता. माझ्या मुलीला एवढा ताप असताना कुणी तपासलं का नाही? चौकशी बसली. मुलगी इस्पितळात होती, तिला बोलता येत नव्हतं. टेबलावर माझं रजिस्टर. त्यात त्या मुलीचं नाव कुठेच नव्हतं. सिस्टरांनी त्या तीन दिवसांची वही पुढे केली, तर अध्यक्ष म्हणाले, साधी वही कुणालाही मागाहून लिहिता येते.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "हे माझं अक्षर नाही. हे रजिस्टरच माझं नाही. ते भाऊसाहेबांकडे होतं, त्यांना विचारा."

अध्यक्षांनी मला विचारलं. खोलीत पाच माणसं होती. प्राचार्य आपल्या नखांकडे बघत होते. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, आणि सांगायला लाज वाटते, त्यांच्या नजरेत भरवसा होता. मेमो लिहिणारा, अर्ज फाइलला लावणारा कारकून, तरी त्यांना वाटत होतं की हा माणूस एवढं तरी खरं बोलेल.

मी म्हणालो, "अक्षर माझं आहे. कामाचा ताण असला की सिस्टर तोंडी सांगतात, मी उतरवून घेतो. सही त्याच करतात."

"आणखी कुठलं रजिस्टर आहे?"

"नाही साहेब. हे एकच."

त्या व्हरांडाभर ऐकू जाणाऱ्या बाई तोंडातून चकार शब्द न काढता उठल्या. आठ दिवसांत त्यांना काढल्याचं पत्र गेलं. कामात अक्षम्य हलगर्जी. ते पत्रही माझ्याच अक्षरात होतं. सिकरूम आवरताना शिपायाने विचारलं, कपाटाच्या दाराला चिकटवलेला तो कागद काढू का? मी म्हटलं, काढ.

घरी बायकोला मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, तुमचा काय दोष? ती म्हणाली, "आपल्या मुलाला गोवर झाला होता तेव्हा त्या चार दिवस घरी येऊन बसल्या होत्या. आठवतंय का?" मग ती स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ती माझ्याशी वाईट वागली नाही, पण माझ्या अक्षराचं कौतुक तिने पुन्हा कधी केलं नाही.

वर्षभराने ती मुलगी दाखला न्यायला आली. दाखला स्वतःच न्यायचा, हा आमचाच नियम. चव्वेचाळीस पायऱ्या. मी खिडकीतून पाहत होतो. ती चार ठिकाणी थांबली, पाचव्या ठिकाणी बसली. मला खाली जाऊन कागद हातात देता आला असता. पण दाखला तयार होईपर्यंत ती खिडकीशी येऊन पोचली होती.

सही करताना तिने विचारलं, "काका, सिस्टर कुठे असतात?"

"गेल्या त्या. सोडून गेल्या."

"त्यांनी मला खोलीतून बाहेर पडू नकोस असं बजावलं होतं. मीच ऐकलं नाही." तिला मध्येच श्वास घ्यावा लागला. "माझ्यामुळे त्यांना बोलणी नाही ना बसली?"

मी म्हणालो, "छे छे." आणि रांगेतल्या पुढच्याला खिडकीशी बोलावलं.

पुढे सहा वर्षं मी त्याच खिडकीत काढली. निरोप समारंभ झाला, हार घालून झाला, दोन महिन्यांत पेन्शनही सुरू झाली. मग एके दिवशी मी कपाटातून ते रजिस्टर काढलं, पिशवीत घातलं आणि सिस्टरांच्या घरी गेलो. मला दोन दिवस सर्दी आणि खोकला होता. म्हटलं, तेवढंच निमित्त.

सिस्टरांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. खाली त्यांचं दुकान, वर दोन खोल्या. डोळ्याला भिंग लावलेलं, त्यांनी मान वर न करताच जिना दाखवला. वर सिस्टर इंजेक्शनच्या सुया आवरत होत्या. घरोघर जाऊन इंजेक्शनं देतात, जखमा बांधतात, असं ऐकलं होतं. केस पूर्ण पांढरे झाले होते. नखं तशीच मुळापर्यंत कापलेली.

मी दारातच खोकलो.

"तोंडावर रुमाल धरा," त्या म्हणाल्या. "खुर्ची खिडकीपाशी घ्या. ताप?"

"नाही. खोकला फक्त."

भिंतीवर पाच टॉवेल वेगवेगळ्या खुंट्यांना टांगले होते. फळीवर एक कप बाकीच्यांपासून लांब ठेवलेला होता. त्यात त्यांनी गरम पाणी ओतलं आणि माझ्यासमोर ठेवलं. बाहेरच्यांचा कप. मी रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं.

त्यांनी लगेच हात लावला नाही. आधी हात धुतले, पुसले, मग पानं उलटली. पान त्यांना शोधावं लागलं नाही. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं. "ताप एकशे दोन. जुना दमा. खोलीत ठेवणे. वर्गात पाठवू नये. मुदत सात दिवस." मग बोट लाल शाईवर गेलं. "तपासणीनंतर."

हे रजिस्टर मी का जाळलं नाही, हे तेव्हा सांगता आलं नसतं असं मी वर लिहिलं. आता सांगतो. ते बाहेर आलं असतं तर सिस्टर सुटल्या असत्या, आणि मी अडकलो असतो. आणि ते जळलं असतं, तर उद्या प्राचार्यांनी माझ्यावर ढकललं असतं तेव्हा दाखवायला माझ्याकडे काही उरलं नसतं. ते मी स्वतःसाठीच सांभाळून ठेवलं होतं. त्यात सिस्टर कुठेच नव्हत्या.

"सिस्टर, हे घेऊन संस्थेकडे जा," मी म्हणालो. "मी साक्ष देतो. तुमच्यावरचा डाग पुसला जाईल."

"आत्ता बरी आठवण झाली."

"हिंमत होत नव्हती."

"हिंमत नाही हो. पेन्शन सुरू व्हायची होती." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मी काय केलं आणि काय नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मला कशाला दाखवता? त्या मुलीला दाखवलंत?"

"नाही."

"तिला आजही वाटतं की तिच्या हट्टापायी माझी नोकरी गेली. दर महिन्याला मी तिच्याकडे फवाऱ्याचं बघायला जाते. दर वेळी माझी माफी मागते ती. मी सांगते, बाई गं, तुझा काही दोष नाही. तिला पटत नाही. तिला वाटतं, मी समजूत काढते." त्यांनी रजिस्टर मिटवून माझ्याकडे सरकवलं. "हे तिला नेऊन दाखवा. तुम्ही स्वतः जाऊन. चिठ्ठी स्वतःच आणायची असते ना तुमच्याकडे?"

मुलीच्या आजारपणानंतर शिंप्याने गावातच बिऱ्हाड केलं होतं, तिथला पत्ता त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिला. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. मी पिशवी उचलून उठलो.

"आज नाही," त्या एकदम जुन्या आवाजात ओरडल्या. खालची घड्याळंही दचकली असतील. "खोकला घेऊन तिच्या दारात पाऊल टाकायचं नाही. तिची छाती आता असलं काही सोसणार नाही. सात दिवस घरी बसा, गरम पाणी प्या, आणि खोकला पुरता गेल्यावरच जा."

मी घरी आलो. सात दिवस घरात बसलो, गरम पाणी प्यायलो, वेगळा कप, वेगळा टॉवेल, सगळं सिस्टरांनी सांगितलं तसं. आठव्या दिवशी खोकला गेला होता. बायकोने पिशवी दारापाशी आणून ठेवली. मी म्हटलं, अजून जरा घसा धरल्यासारखा वाटतोय.

याला आता पाच महिने झाले. पिशवी दारापाशीच आहे. बायको रोज सकाळी केर काढताना ती उचलते, खालची जागा पुसते आणि परत ठेवते. आजही तिने विचारलं, "जाताय का?" मी रुमाल तोंडाशी धरला आणि कोपऱ्यात जाऊन खोकून दाखवलं.